एमएसचं निदान झालंय? पुण्यात राहणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाची वाट

उजव्या डोळ्याला देवघरातलं कुंकू फिकट दिसायला लागलं, तेव्हा मला वाटलं करंड्यातलं कुंकूच जुनं झालंय. डावा डोळा मिटला की फिकट विटकरी, उजवा मिटला की लालभडक. दोन दिवसांनी डोळा फिरवला की आत खोल दुखायला लागलं. मग डोळ्यांचे डॉक्टर, तिथून न्यूरोलॉजिस्ट, तिथून एमआरआय, आणि शेवटी रिपोर्टवर ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’, म्हणजेच एमएस. त्याला आता नऊ वर्षं झाली.

ज्यांच्या हातात असा रिपोर्ट नुकताच पडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आजाराला आवर घालायचं काम औषधाचं. पण ऊन, झोप, जिना, ओटा, लघवी, नवरा, मुलं, नोकरी, पैसे या सगळ्याची नव्याने मांडणी आपल्यालाच करावी लागते. मला ती कुणी सांगितली नाही. एकेक गोष्ट ठेच लागल्यावर कळली. तुम्हाला तेवढ्या ठेचा लागू नयेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध सुरू करणं, थांबवणं, डोस बदलणं हे तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारूनच करा.

पायरी १: आजार नीट समजून घ्या

मेंदू, पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांमधल्या तंतूंवर मायलिन नावाचं आवरण असतं. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती त्या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण उसवतं तिथे निरोप हळू जातो, अडतो किंवा पोचतच नाही. म्हणून एकाला डोळ्याचा त्रास, दुसऱ्याला पायाला मुंग्या, तिसऱ्याला तोल जाणं. दोन पेशंट एकसारखे नसतात. शेजारच्या बाईंच्या भाचीला व्हीलचेअर लागली म्हणून तुम्हालाही लागेल असा हिशोब करू नका.

फ्रान्समध्ये शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं पहिलं स्वच्छ वर्णन केलं. म्हणजे आजार नवा नाही, ‘हल्लीच्या मोबाइलमुळे’ झालेला नाही. तो संसर्गजन्य नाही. बहुतेकांना विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुपटीहून अधिक दिसतो. बहुतेकांमध्ये सुरुवातीला त्रास उसळतो, काही आठवड्यांत पुष्कळसा ओसरतो, मग मध्ये शांत काळ जातो. त्या उसळीला रिलॅप्स म्हणतात.

पहिल्या-दुसऱ्या भेटीत एक प्रश्न आवर्जून विचारा: “एनएमओ आणि मॉग या आजारांच्या रक्ततपासण्या माझ्या बाबतीत गरजेच्या आहेत का?” हे दोन्ही आजार वरवर एमएससारखे दिसतात, पण त्यांचे उपचार वेगळे असतात. एमएसची काही औषधं एनएमओमध्ये उलट नुकसान करतात. तसंच बी-१२ची पातळी बघून घ्या. शाकाहारी घरांत ती बऱ्याचदा कमी असते आणि तिच्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो.

पायरी २: एक फाइल करा, आणि औषधाला उशीर करू नका

जाडजूड क्लिपची फाइल आणा. पहिल्या पानावर तारीखवार नोंद: कधी काय झालं, किती दिवस राहिलं, कोणतं सलाइन लागलं. त्यामागे एमआरआयचे रिपोर्ट आणि सीडी. सीडी हरवू नका, कारण पुढच्या वेळी जुन्या फोटोंशी नवे ताडून बघावे लागतात आणि आवरण उसवल्याचा नवीन डाग पडलाय का हे तेव्हाच कळतं.

रिलॅप्स कमी करणारी औषधं आज बरीच आहेत. काही इंजेक्शनं घरी घ्यायची, काही गोळ्या, काही सहा महिन्यांनी सलाइनमधून. माझी चूक सांगते. डोळा सहा आठवड्यांत बरा झाला, म्हणून मी ‘आता काही होत नाहीये’ असं धरून औषध सुरू करायला सात महिने लावले. पुढचा रिलॅप्स पायावर आला आणि डाव्या पायातला बधिरपणा पूर्ण गेला नाही. बरं वाटतंय तो काळच या औषधांचा आहे, कारण बाहेर शांत दिसत असताना आत नवे डाग पडू शकतात.

औषध ठरवताना खर्च, घरात बाळाचा विचार, इतर आजार हे सगळं मोकळेपणाने बोला. काही औषधांआधी क्षयरोगाची आणि कावीळ बीची तपासणी करतात. आपल्याकडे क्षयरोगाचे जंतू पुष्कळांच्या शरीरात झोपलेले असतात, त्यामुळे ती टाळू नका. लशी कोणत्या आणि कधी घ्यायच्या हेही औषधाआधीच विचारा, कारण काही औषधांवर असताना जिवंत जंतूंच्या लशी चालत नाहीत. फ्रीजमधली इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. फ्रीजच्या दारात ठेवू नका, आणि वीज बराच वेळ जाणार असेल तर बर्फाच्या पिशव्या घातलेला थर्मासचा डबा हाताशी असू द्या.

पायरी ३: उन्हाशी आणि उष्णतेशी वागायला शिका

पुण्यात राहणाऱ्या एमएसच्या माणसाने सगळ्यात आधी शिकायची गोष्ट ही, म्हणून इथे जरा थांबते.

निदानानंतरची पहिली दिवाळी. नरक चतुर्दशीला पहाटे पाट मांडलेला, तेल लावून झालेलं, आणि सासूबाईंनी मायेने बंबातलं कढत पाणी काढून दिलेलं. चार तांबे घेतले. पाचवा घेताना हातातून तांब्या निसटला. उठायला गेले तर पाय पाटावरून हलेनात, जणू ते दुसऱ्या कुणाचे. उजव्या डोळ्यापुढे पुन्हा धुरकट. बाहेर फटाके वाजत होते आणि मी आत ओरडत होते, “आई, मला उठता येत नाहीये.” नवऱ्याने धरून बाहेर आणलं, पंख्याखाली बसवलं, अंगावर ओला पंचा टाकला. पाऊण तासात सगळं जागच्या जागी आलं.

आम्हाला वाटलं, आजार पुन्हा उसळला. नव्हता. आवरण उसवलेल्या तंतूंमधून निरोप आधीच कसाबसा जात असतो. शरीराचं तापमान अर्धा अंश जरी वाढलं तरी तो अडकतो. अंग गार झालं की पुन्हा जायला लागतो. याला उटहोफ परिणाम म्हणतात. उटहोफ या जर्मन डॉक्टरांनी तो १८९० मध्ये नोंदवला. एमआरआय यायच्या आधीच्या काळात निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघत असत. उष्णतेने नवीन डाग पडत नाही, नस आणखी खराब होत नाही. हे ठाऊक असलं की निम्मी भीती जाते. मात्र त्या अर्ध्या-पाऊण तासात माणूस पडू शकतो, भाजू शकतो, गाडी चालवत असेल तर अपघात होऊ शकतो. जपायचं ते यासाठी.

मी काय करते ते सांगते. आंघोळ कोमट पाण्याने, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून, दाराला आतून कडी न लावता. दिवाळीला आजही तेल-उटणं सगळं होतं, पाणी तेवढं बेताचं. मार्च ते मे आणि ऑक्टोबरमध्ये बाहेरची कामं सकाळी नवाच्या आत. पर्समध्ये सुती पंचा आणि पाण्याची बाटली. पंचा भिजवून, पिळून मानेभोवती घ्यायचा, आणि मनगटं नळाखाली धरायची. एवढ्याने दहा मिनिटांत फरक पडतो. व्यायामाच्या आधी माठातलं गार पाणी पिते. दुपारी खोलीत कूलर, खिडकीला वाळ्याचा पडदा. एसी लावणं परवडत असेल तर अपराधी वाटून घेऊ नका, तुमच्यासाठी तो औषधाच्या कपाटासारखा आहे. पावसाळ्यात दमट हवेत कूलर कामाचा नाही, तेव्हा पंखाच बरा.

दोन जागा लोक विसरतात. एक म्हणजे स्वयंपाकघर. मे महिन्यात गॅससमोर उभं राहून वीस पोळ्या लाटणं म्हणजे अंग तापवून घेणंच. दुसरी म्हणजे ताप. साध्या सर्दीतापानेही जुनी लक्षणं वर येतात, म्हणून ताप आला की आधी तो उतरवा.

मेट्रोने आपली मोठी सोय केली आहे. डबा गार असतो, स्टेशनला लिफ्ट आहे. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट या दोन मार्गांवर जमेल तेवढी कामं बसवा. भर उन्हात रिक्षा शोधत उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरं.

पायरी ४: ताकद गुरुवारच्या पाण्यासारखी वापरा

पुण्यात देखभालीच्या कामासाठी बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असतं. बुधवारी रात्री आपण पिंप, बादल्या, कळशी, वेळ पडली तर कुकरसुद्धा भरून ठेवतो. मग गुरुवारी कुणाला सांगावं लागत नाही. फरशी उद्या पुसू, मशीन उद्या लावू, पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी राखायचं. एमएसमधला थकवा सांभाळायचा तो असाच. रोजचा दिवस गुरुवार आहे असं धरायचं.

हा थकवा कामाने येणाऱ्या दमणुकीसारखा नसतो. आठ तास झोपून उठल्यावरही हातापायांत शिसं भरल्यासारखं वाटतं. एमएसच्या पेशंटची ही सगळ्यात मोठी तक्रार असते, आणि बाहेरून दिसत नसल्यामुळे घरच्यांना सगळ्यात उशिरा पटते. आधी डॉक्टरांकडून दुसरी कारणं तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, रात्री लघवीला चार वेळा उठून मोडणारी झोप, उदासी, एखाद्या गोळीची सुस्ती. यातलं काही निघालं तर ते बरं करता येतं.

मग एक आठवडा वही ठेवा. किती वाजता काय केलं आणि त्यानंतर अंगात किती उरलं, एवढंच. माझ्या वहीत निघालं की मला संध्याकाळचा स्वयंपाक दमवत नव्हता. सकाळी अकरा वाजता ओट्याशी तासभर उभं राहणं दमवत होतं, संध्याकाळी त्याची वसुली होत होती. मग एक उंच स्टूल आणलं. भाजी निवडणं, चिरणं, कणीक मळणं बसून. आठवड्यातले तीन दिवस पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून. पहिल्यांदा पिशवी घेऊन गेले तेव्हा घशात आवंढा आला होता, घरात दोन बायका असताना पोळ्या विकत! आता त्या वाचलेल्या तासात मी मुलीचा अभ्यास घेते.

पूर्वी लक्ष्मी रोड, तुळशीबाग, मंडई हे एकाच फेरीत व्हायचं. आता एका दिवशी एकच मोठं काम. दमण्याच्या आधी विश्रांती घ्यायची. दमल्यावर घेतली तर दुप्पट वेळ लागतो. दुपारी वीस मिनिटं आडवं, फोन दुसऱ्या खोलीत. बँक, बिलं, फॉर्म अशी डोकं लागणारी कामं सकाळी. दुपारनंतर शब्द सापडत नाहीत, आकडे उलटसुलट होतात. त्याला डॉक्टर ब्रेन फॉग म्हणतात. तो आळस नाही, तेही आजाराचंच लक्षण आहे.

पायरी ५: हालचाल थांबवू नका

पूर्वी एमएसच्या पेशंटला झोपून राहायला सांगत. आता उलट सांगतात, आणि ते बरोबर आहे. नियमित व्यायामाने ताकद, तोल, मन आणि थकवासुद्धा सुधारतो. आठवड्याला दीडशे मिनिटं हे ध्येय ठेवा, पण ते दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून गाठलं तरी चालतं.

सुरुवात न्यूरोचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे करा. कोणता स्नायू ताठर आहे, कोणता दुबळा, हे त्यांनी हाताने बघायला हवं. घरी रोज: ओट्याची कड धरून टाचा वर, मग एका पायावर दहा आकडे, मग पोटऱ्यांना ताण. पंखा चालू ठेवून. चालायला सारसबाग मला बरी पडते, सपाट आहे आणि बसायला जागा मिळते. लहानपणापासून पर्वतीच्या पायऱ्या चढत आलेल्या माणसाला हे स्वीकारायला वेळ लागतो. मला लागला.

योगासनांच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. बी. के. एस. अय्यंगार यांनी मॉडेल कॉलनीत १९७५ मध्ये उभी केलेली संस्था इथलीच, आणि त्यांच्या पद्धतीत खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे, दोरी यांचा आधार घेऊन आसन करतात. तोल जाणाऱ्या माणसाला खुर्चीच्या आधाराने उभं राहता येतं, ताठर पाय पट्ट्याने उचलता येतो. शिक्षकांना आजाराचं नाव आधीच सांगा. बंद, गरम खोलीतला योग आपल्यासाठी नाही.

काठी घ्यायला मी दोन वर्षं घालवली. तोवर भिंती, रेलिंग, नवऱ्याचं मनगट, सगळ्याला धरून चालत होते आणि दोनदा पडले. काठी हातात आली आणि एक गोष्ट लक्षात आली: रस्ता ओलांडताना दुचाकीवाले थांबतात. काठी नसताना लोकांना वाटायचं बाई डुलतेय.

पायातली चप्पल चालता चालता निसटून मागे राहते आणि आपल्याला पत्ताही नसतो, असं होत असेल तर डॉक्टरांना सांगा. तोवर मागून पट्टा असलेली सँडल वापरा. घरात बाथरूममध्ये धरायला स्टीलचा दांडा, खाली न घसरणारी चटई, बेडपासून संडासापर्यंत रात्रीचा छोटा दिवा. पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर वरखाली फेऱ्या मोजून करा आणि जिन्याच्या प्रत्येक वळणावर टेकायला स्टूल ठेवण्याबद्दल सोसायटीशी बोला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी स्वतःहून आणून ठेवलं.

पायरी ६: लघवी, पोट, जेवण

याबद्दल बोलायला सगळ्यांना लाज वाटते, म्हणून सरळ लिहिते. घाई होणं, पोचेपर्यंत न थांबणं, किंवा उलट सुरूच न होणं आणि पूर्ण रिकामी न होणं, हे एमएसमध्ये पुष्कळांना होतं. मूत्राशयाला जाणारा निरोपही त्याच नसांतून जातो. उपाय म्हणून आपण काय करतो? पाणी कमी पितो. बाहेर स्वच्छ संडास नाही, मग सकाळपासून घोटभरही नाही. याने लघवीत जंतू वाढतात, पोट साफ होत नाही, आणि जंतुसंसर्गाने जुनी सगळी लक्षणं एकदम डोकं वर काढतात. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, झोपायच्या दोन तास आधी कमी करा. चहा मूत्राशयाला डिवचतो. अमृततुल्यवर दिवसातून चारदा थांबायची सवय असेल तर दोनवर आणून बघा. लघवी झाल्यावर आत किती उरते हे सोनोग्राफीत दिसतं. ती तपासणी मागून घ्या, कारण घाईची गोळी आणि साठून राहण्याचा उपाय एकमेकांच्या उलट असतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. एमएस बरा करणारं कुठलंही पथ्य सिद्ध झालेलं नाही. भाकरी, भाजी, डाळ, उसळ, ताक, फळं हे आपलं साधं जेवण उत्तम आहे. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या. ६०,००० युनिटची पाकिटं दर आठवड्याला वर्षानुवर्षं कुणाला न विचारता घेणारे लोक मी पाहिलेत, त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. सिगारेट सोडा. तिने हा आजार वेगाने पुढे सरकतो. निर्जळी उपवास करू नका. चतुर्थीचा उपवास पाणी, ताक, फळं घेऊन करायलाही हरकत आहे का ते तुमच्या गोळ्यांप्रमाणे डॉक्टरांना विचारा.

कुणी गुळवेल, अश्वगंधा, प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा प्रेमाने आणून देतील. आपली प्रतिकारशक्ती कमी पडत नाहीये, ती चुकीच्या जागी चाललीय. शिवाय गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि आपल्या काही औषधांचंही लक्ष यकृतावर ठेवावं लागतं. घेत असाल तर लपवू नका, न्यूरोलॉजिस्टना नाव सांगा. आणि ‘स्टेम सेलने एमएस मुळापासून बरा’ अशी जाहिरात करून लाखो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहा. आमच्या ओळखीतल्या एका घराने त्यापायी दागिने मोडले. हाती काही आलं नाही.

पायरी ७: मन

एमएस असलेल्या जवळपास निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं. त्यातलं काही परिस्थितीमुळे, काही खुद्द मेंदूतल्या डागांमुळे, काही रिलॅप्समध्ये दिलेल्या स्टेरॉइडमुळे. त्यामुळे ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला इथे अपुरा आहे. दोन आठवडे सलग काही गोड वाटत नसेल, पहाटे तीनला जाग येत असेल, आपण घरच्यांवर ओझं आहोत असं सारखं वाटत असेल, तर हे पायाच्या बधिरपणाइतकंच सांगण्यासारखं लक्षण आहे. न्यूरोलॉजिस्टना सांगा, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. रात्रीबेरात्री जीव घाबरा झाला तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

आपल्यासारखं दुसरं माणूस भेटणं हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून काम करते आणि तिची पुण्यात शाखा आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा एका मावशींनी मला काहीच विचारलं नाही. पंख्याखालची खुर्ची रिकामी करून दिली आणि म्हणाल्या, “इथे बस, इथे वारा लागतो.” माझा बांध तिथे फुटला.

घरच्यांना काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा. सासूबाई पहिली दोन वर्षं म्हणायच्या, “दिसतेस तर छान गं, मग झालंय काय?” चिडून उपयोग झाला नाही. मी त्यांना डॉक्टरांकडे बरोबर नेलं. त्यांनी एमआरआयवरचे पांढरे डाग स्वतःच्या डोळ्यांनी बघितले, आणि परतताना रिक्षात माझा हात धरून बसल्या. शेजारीपाजारी विचारतात तेव्हा माझं एक वाक्य ठरलेलं आहे: “नसांचा आजार आहे, लागत नाही, औषध चालू आहे.” पुढे बोलायचं की नाही हे माझ्या हातात.

नवरा-बायकोत शरीरसंबंधांच्या अडचणी येतात, बधिरपणामुळे, थकव्यामुळे, भीतीमुळे. दोघांनी मिळून डॉक्टरांशी बोला. लग्न ठरायचं असेल तर आजार लपवून ठरवू नका. मूल होऊ शकतं. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, रिलॅप्स कमी होतात आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वाढतात. काही औषधं मात्र गर्भाला घातक आहेत, म्हणून दिवस राहायच्या आधीच नियोजन करा. आणि जो माणूस तुमची काळजी घेतोय त्याला आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्या. माझा नवरा गुरुवारी मित्रांबरोबर कॅरम खेळायला जातो, त्या दिवशी नणंद येऊन बसते.

पायरी ८: कागदपत्रं आणि नोकरी

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त ठरलं तर बहुतेक सवलती लागू होतात. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज भरा आणि मग ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जा. फाइल पूर्ण न्या, सोबत माणूस न्या, डबा-पाणी न्या, दिवस जातो. माझी पहिली फेरी एक झेरॉक्स कमी म्हणून वाया गेली होती. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ४० टक्क्यांपासून ७५,००० रुपयांची आणि ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते, सीएला विचारा. निदानाच्या आधी क्रिटिकल इलनेसची, म्हणजे गंभीर आजारांसाठीची, विमा पॉलिसी काढली असेल तर ती काढून वाचा. टिकून राहिलेल्या लक्षणांसह एमएस हा त्यात बहुधा असतो.

सरकारी नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता किंवा पदावरून खाली आणता येत नाही, असं हा कायदा सांगतो. खासगी नोकरीत काय आणि किती सांगायचं हे नीट विचार करून ठरवा. मागणी मात्र नेमकी करा. ‘मला त्रास होतो’ म्हणण्यापेक्षा ‘एसीजवळची, संडासाजवळची जागा हवी आणि आठवड्यातून दोन दिवस घरून काम’ अशी. हिंजवडीला रोज दोन-दोन तास बसमध्ये घालवणाऱ्यांना घरून केलेला एक दिवसही मोठा असतो.

पायरी ९: फ्रीजवरचा कागद

नवं लक्षण, किंवा जुनंच ठळक होऊन, २४ तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा संसर्ग नसेल, तर तो रिलॅप्स असू शकतो. म्हणून क्रम असा: आधी अंग गार करा, तापमान मोजा, लघवीला जळजळ आहे का बघा आणि लघवीची तपासणी करा. यातलं काही नसेल तर न्यूरोलॉजिस्टना फोन. गरज वाटली तर ते साधारण तीन ते पाच दिवस स्टेरॉइडचं सलाइन देतात. त्याने बरं व्हायला कमी दिवस लागतात. त्या दिवसांत झोप उडते, तोंड कडू होतं, चिडचिड होते, साखर वाढते. मधुमेह असेल तर आधी सांगा. मागच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून स्टेरॉइड परस्पर आणू नका.

थांबायचं नाही अशा गोष्टी: लघवी पूर्ण बंद, गिळताना किंवा श्वास घेताना अडचण, दोन्ही पाय एकदम जाणं, एकाएकी दिसेनासं होणं. आणि तोंड वाकडं होऊन बोलणं क्षणात अडखळलं तर ‘एमएसचंच असेल’ म्हणून बसू नका. तो पक्षाघात असू शकतो, लगेच १०८ ला फोन करा.

हे सगळं मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रीजवर लावलंय. वर माझं नाव, रक्तगट, आजाराचं पूर्ण नाव, चालू औषधं, कशाची ॲलर्जी आहे ते. मग न्यूरोलॉजिस्टचा नंबर, नवऱ्याचा, नणंदेचा आणि खालच्या काकांचा. फाइल कुठल्या कपाटात, किल्ली कुणाकडे. दर सहा महिन्यांनी, तपासणीहून आल्यावर, मुलगी तो नव्याने लिहून काढते. आता ती सातवीत आहे, पहिल्या कागदावर तिचं अक्षर दुसरीतलं होतं.